माशाच्या पोटातला लाल दोरा

माशाच्या शेपटीजवळ लाल दोरा लोंबतोय हे पहिल्यांदा त्रिशलानं, म्हणजे माझ्या बायकोनं पाहिलं, आणि पहिला संशय अर्थातच माझ्यावर आला. आदल्या दिवशी मी फिशटँकची काच आतून पुसली होती, आणि त्यासाठी लाल काठाचा जुना टॉवेल वापरला होता.

"सांगितलं होतं, त्या टॉवेलाचे दोरे सुटालेत म्हणून," ती म्हणाली.

मी चष्मा लावला आणि काचेला नाक टेकवलं. मासा टाकीच्या मधोमध, जराही न हलता, माझ्याकडं बघत उभा होता. त्याच्या पोटाखाली, शेपटीच्या अलीकडं, खरंच तीन लाल दोरे होते. केसापेक्षा थोडे जाड, नखाएवढे लांब. मी काचेवर टिचकी मारली. मासा दचकून वळला आणि दोरे आत गेले.

पुन्हा सांगतो. दोरे आत गेले. टॉवेलाचे दोरे असं करत नाहीत.

मासा शांत झाला तसे ते हळूहळू पुन्हा बाहेर आले. आधी एक आला, जरा थांबला, मग बाकीचे दोन. बाहेर कोणी आहे का ते बघून मग घरच्यांना बोलवावं, तसं. रविवारची सकाळ होती, राजारामपुरीत ऊन पडलं होतं, खाली भाजीवाला ओरडत होता, आणि माझ्या मानेवर काटा आला.

हा मासा फ्लॉवरहॉर्न जातीचा. वीतभर लांब, अंगावर गुलाबी झाक आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. नवीन फ्लॅटच्या वास्तुपूजेला माझा मेहुणा अनेकांत यानं तो टाकीसकट आणून ठेवला. "दाजी, हा नुसता मासा न्हवं. घरावर येणारं संकट हा स्वतःच्या अंगावर घेतो," असं त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं. मी एका हायस्कूलचा हेडक्लार्क आहे. लेखी पुराव्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. पण माझ्या आईनं ते ऐकलं आणि मान हलवली. आमचं मूळ गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून, म्हणून आईला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा शहात्तर वर्षांची. कपाळावरच्या टेंगळाकडं बराच वेळ बघून ती म्हणाली, "तुझ्या आप्पांचं कपाळ अगदी असंच होतं." आप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. त्या दिवसापासून टाकीसमोरून जाताना ती डोक्यावरचा पदर सारखा करते. आम्ही जैन. कांदासुद्धा न चिरणाऱ्या या घरात माशाच्या खाद्याच्या डब्यावर काय छापलंय ते कोणी वाचू नये म्हणून मी पहिल्याच दिवशी त्याचं लेबल खरवडून काढलं होतं.

दोऱ्यांची बातमी दहा मिनिटांत बिल्डिंगभर झाली. पहिल्या आल्या समोरच्या शालूबाई. पदराला हात पुसत त्या टाकीसमोर उकिडव्या बसल्या, दोरे आत जाताना आणि बाहेर येताना दोनदा पाहिले, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "लाल दोरा म्हंजे साधं न्हवं, भाऊजी."

"किडा असेल, शालूबाई."

"किडाच असंल की. पर कुनाचा?"

किड्याला मालक असतो हे मला नवीन होतं.

मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार विजयसिंह आले. त्यांनी हात मागं बांधून टाकीला एक फेरी मारली. घटना पहिल्यांदा कोणी पाहिली, किती वाजता, त्या वेळी घरात कोण कोण होतं, कुणाशी वाकडं आहे का, हे सगळं विचारून घेतलं. शेवटी निकाल दिला. "चिमट्यानं वढून काढायचा. हाय काय आन न्हाय काय. मी मासा धरतो, तुमी वढा."

त्यांनी मासा धरला असं ते आजही सांगतात. प्रत्यक्षात मासा त्यांच्या हातात चार सेकंद होता आणि पाचव्या सेकंदाला त्यानं माझी उजव्या हाताची तर्जनी धरली. फ्लॉवरहॉर्नला दात असतात. बारीक, पण मनापासून वापरलेले. मी हात झटकला, बादलीभर पाणी सोफ्यावर गेलं, चिमटा टाकीच्या तळाला गेला. सोमवारी मी शाळेत अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला, त्यात कारण लिहिलं 'मासा चावल्यामुळे'. मुख्याध्यापकांनी तो अर्ज स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. सत्तावीस वर्षं इतरांच्या अर्जातल्या चुका काढल्याचं फळ मला त्या पाच मिनिटांत मिळालं.

त्याच दुपारी दोऱ्यांचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन शाहूपुरीतल्या गुंडूच्या दुकानात गेलो. गुंडू वीस वर्षं मासे विकतो. "मीठ टाका पावणं, मूठभर," तो मोबाईलकडं न बघताच म्हणाला. मी व्हिडिओ त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं व्हिडिओ पुन्हा बघितला, आणि काउंटरवरची गप्पी माशांची बरणी हळूच माझ्यापासून लांब सरकवली.

"ह्या दुकानातला न्हवं न्हवं ह्यो?"

"नाही. मेहुण्यानं पुण्याहून आणलाय."

"मग बरं," तो म्हणाला. "मिठानं मरत न्हाईत ती. शेरडामेंढरांस्नी जंतावर औषध पाजत्यात, त्येच लागतंय. जनावराच्या दवाखान्यात मिळंल. आन पावणं, घरी जाऊन हात धुवा. आताबी धुवा. तिथं नळ हाय."

जनावराच्या दवाखान्यात मी मंगळवारी सकाळी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढं एक म्हैस होती आणि तिचा मालक केरबा, राधानगरीकडचा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, बोटाला पट्टी, हातात काही नाही.

"काय आणलंय पावणं?"

"मासा."

"कुठाय?"

"घरी."

केरबानं विचार केला. "बोलवून घेनार हायसा?"

म्हशीनंही वळून पाहिलं.

खिडकीपलीकडं आकाराम नावाचा कर्मचारी केसपेपर भरत होता. जनावराचा प्रकार या रकान्यात गाय होती, म्हैस होती, शेळी, मेंढी, कोंबडी, कुत्रं. मासा नव्हता. 'इतर' असा रकाना हवा होता. माझ्या हयातीत मी एकही अर्ज 'इतर'शिवाय छापू दिलेला नाही. आकारामनं पेन तोंडात धरलं. मग माझ्यावर उपकार म्हणून 'म्हैस' लिहिलं.

"कानातल्या बिल्ल्याचा नंबर?"

"माशाला कान नसतात."

"बिल्ला न्हाय, असं लिवतो. वेत कितवं?"

"तो नर आहे."

"मग रेडा करावा लागंल," तो म्हणाला आणि सगळं खोडलं. खाडाखोड केलेला अर्ज मी जन्मात स्वीकारला नसता. इथं मी हात जोडून उभा होतो.

आतल्या डॉक्टर पूर्णिमा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ मोठा करून पाहिला, मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला, आणि फोन ठेवून मला सांगितलं, "हे गोलकृमी. आतड्याला आतून तोंडानं चिकटतात आणि रक्त पितात. लाल दिसतात ते त्या रक्तामुळं. तुम्हाला दिसतात त्या माद्यांच्या शेपट्या. आत बरेच असणार. टाकीत नवीन मासे सोडले होते का?"

सोडले होते. मी नाही, अव्वानं. उन्हाळ्यात मागच्या मोकळ्या प्लॉटवरचा हौद आटत आला होता. डासांसाठी कुणीतरी त्यात गप्पी मासे सोडले होते, आणि तळाच्या चिखलात चार गप्पी तडफडत होते. अव्वा तिथं भाजीचे दोन वाफे राखते. पायाखाली जीव मरू नये म्हणून तिनं चपला सोडल्याला दोन वर्षं झाली, म्हणून तशीच अनवाणी चिखलात उतरून तिनं ते चार गप्पी तांब्यात घेतले आणि जीव वाचवायचा म्हणून आमच्या टाकीत सोडले. फ्लॉवरहॉर्ननं ते एका मिनिटात गिळले. अव्वानं दुसऱ्या दिवशी उपवास केला.

"त्या गप्पींतून आले," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाला हे होत नाहीत, घाबरू नका. तुमची टाकी दीडशे लिटरची, त्या हिशेबानं औषध देते. उजेडात ते निकामी होतं, म्हणून चोवीस तास टाकी काळ्या कापडानं झाकायची. दुसऱ्या दिवशी तळ साफ करून पाणी बदलायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. उशीर करू नका, मासा अशक्त झालाय."

मी बाटली घेऊन घरी आलो. जिन्यात शालूबाई भेटल्या.

"औषध आणलासा?" त्यांनी बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बगा बाई. त्यानं दुखणं घेतलंय ते घरातल्या कुनाचं तरी हाय. आता तुमी त्याला बरा केलासा, तर ते दुखणं जाणार कुठं? मूळ मालकाकडंच की."

आणि दार लावून घेतलं.

मी शिकलेला माणूस आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची पत्रकं दरवर्षी माझ्या सहीनं जातात. बाटली आत नेली, कपाटात कपड्यांच्या मागं ठेवली, आणि त्रिशलाला म्हणालो, "काळं कापड मिळालं की घालू."

घरात माणसं तीन. दुखणं तिघांपैकी एकाचं. त्या रात्रीचं जेवण मी बाकीच्या दोघींकडं बघत केलं. त्रिशला दोनदा खोकली. मी तिला पाण्याचा ग्लास दिला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, हा माझा पहिला ग्लास, ती घाबरली. बुधवारी माझ्याच पोटात डाव्या बाजूला काहीतरी वळवळल्यासारखं झालं. शाळेत आरशासमोर जाऊन मी जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. शिपाई दार उघडून आत आला आणि तसाच बाहेर गेला.

मासा रोज वाळत होता. कपाळाचं टेंगूळ उतरून तिथं खोलगा पडला, रंग राखाडी झाला. आधी मी खोलीत आलो की तो काचेपाशी धावायचा. आता कोपऱ्यात तळाला उभा राहायचा आणि फक्त डोळा फिरवायचा. मी उजवीकडं गेलो की उजवीकडं, डावीकडं गेलो की डावीकडं. दोरे आता पाच झाले होते आणि टिचकी मारली तरी आत जात नव्हते. बाटली कपाटात आहे हे त्याला माहीत आहे, असं मला वाटायला लागलं. मी टाकीकडं पाठ करून जेवायला लागलो.

आणि याच दिवसांत तो आवाज सुरू झाला. कर्र, कट्. कर्र, कट्. हॉलमधून यायचा, मी गेलो की थांबायचा. फ्लॉवरहॉर्न तळाचे खडे तोंडात घेऊन फेकतो हे मला माहीत होतं. पण हा आवाज फेकण्याचा नव्हता, चावण्याचा होता. हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "दुखण्यानं पिसाळलाय. दगड खायालाय."

शुक्रवारी बोट सुजलं म्हणून दुपारी बारालाच घरी आलो. त्रिशला बँकेत गेली होती. किल्लीनं दार उघडलं. हॉलचे पडदे ओढलेले, ऐन दुपारी आत अंधूक, टाकीतला एक दिवा तेवढा चालू. आणि आवाज येत होता. कर्र, कट्.

मी चपला न काढता उभा राहिलो. मासा काचेला लागून माझ्याकडं तोंड करून होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

कर्र, कट्.

मिटलेल्या तोंडाचा मासा माझ्याकडं बघत होता आणि आवाज खोलीतूनच येत होता. पळावं तर दार मागं, पण मान वळवायची हिंमत होईना. मग टाकीच्या पलीकडं, पडद्याच्या सावलीतली आरामखुर्ची हलली. तिच्यात अव्वा बसली होती. तोंड पांढरं, ओठ पांढरे, आणि मांडीवर, पदराच्या ओच्यात, पाटीवरच्या पेन्सिलींचा ढीग.

"अव्वा?"

तिनं हातातली अर्धी पेन्सिल पदराखाली लपवली. शहात्तर वर्षांच्या बाईनं. मग बहुधा तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं पेन्सिल बाहेर काढून माझ्यासमोर धरली.

"तीन महिने झालं," ती म्हणाली. "खाल्ल्याबिगर ऱ्हावतच न्हाय. आधी वाफ्यातली माती खाल्ली. मग वाटलं, मातीत जीव असत्यात. म्हणून ह्या आणल्या."

मी खाली बसलो. इतक्या जवळून मी तिच्याकडं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. तिच्या तळहातावर रेषा होत्या, रंग नव्हता. नखं चमच्यासारखी खोलगट झालेली. जिन्यात ती प्रत्येक मजल्यावर थांबते, हे मी रोज बघत होतो आणि 'वय झालं' या रकान्यात घालून मोकळा होत होतो. तीन माणसांत दुखणं कुणाचं म्हणून मी मंगळवारपासून शोधत होतो. बायकोचा खोकला मोजला, स्वतःची जीभ पाहिली.

"चक्कर येती. कानात पाणी वाहिल्यागत वाजतंय," ती सांगत होती. "तुमाला कशाला ताप, म्हणून बोलले न्हाय. पर ह्यो आजारी पडला न्हवं, त्या दिवसापासनं मला जरा हलकं वाटालंय. म्हणून रोज येऊन बसते इथं. इचारते त्याला, आज किती दुखतंय म्हणून." माशाकडं बोट करून ती मला म्हणाली, "माझंच हाय ते, भूपाल. ह्यानं उचललंय."

टाकीतला पंप घुरघुरत होता. मासा तिच्याकडं बघत होता.

"औषध कपाटात कशाला ठेवलंस?" तिनं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"जनावराच्या औषधाचा वास हाय त्याला. मी चार म्हशी सांभाळल्यात."

मी खरं सांगितलं. शालूबाईंचं बोलणं, माझी भीती, सगळं. हेडक्लार्कला खरं बोलायला त्रास होतो, पण बोललो. ती ऐकत राहिली.

"म्हंजे आपल्यापैकी कुनीतरी वाचावं म्हणून तू ह्याला मरू देत होतास."

"असं नाही, अव्वा..."

"असंच हाय." ती रागावली नव्हती, ते जास्त वाईट होतं. "ज्याचं दुखणं त्यानं भोगावं. मुक्या जीवाला हमाल करायचा न्हाय. ऊठ. आण ती बाटली."

बाटली आणली तशी ती पुन्हा थांबली. "आन ते किडे? तेबी जीवच की." हा प्रश्न मला इतक्या दिवसांत पडला नव्हता, हे कबूल करतो. तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "आपल्या शास्त्रात किड्याला इंद्रियं दोन, माशाला पाच. पर हे गणित मी करणारी कोण? ... वत औषध. पाप लागलं तर मला लागू दे."

घरात काळं कापड एकच निघालं, त्रिशलाची संक्रांतीची काळी साडी. टाकीवर ती घातली तेव्हा काळ्यावर सोनेरी बुट्टे चमकत होते आणि खोलीत कुणीतरी डोक्यावरून पदर घेऊन बसल्यासारखं दिसत होतं. बँकेतून आलेल्या त्रिशलाला मी दारातच सगळं सांगितलं, पेन्सिलींसकट. साडीबद्दल ती एक शब्द बोलली नाही; आत जाऊन अव्वाचे पाय चेपत बसली. हवालदार सहा वाजता डोकावले, टाकीकडं बघून चपला काढल्या, हात जोडले आणि हळूच विचारलं, "कधी गेला?" त्याच वेळी साडीच्या आतून आवाज आला. टक्. टक् टक्. हवालदार चपला तिथंच ठेवून वर गेले.

चोवीस तास तो टकटक करत राहिला. कधी एकदा, कधी तीनदा. शनिवारी संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही साडी उचलली. मासा वरच्या कोपऱ्यात उभा होता, कल्ले हलत होते. जिवंत होता. आणि तळाला, पांढऱ्या खड्यांवर, लाल दोरे पसरले होते. तीन नाहीत, पाच नाहीत. कुणीतरी शिवणाच्या डब्यातला गुंता उपडा करावा तसे. त्यांतले काही अजून टोकाशी हळू वळत होते.

ते रबरी नळीनं ओढून काढायचे होते. नळीत पाणी चढवायला एक टोक तोंडात धरून ओढतात. मी ओढलं. पाणी किती लवकर येतं याचा मला अंदाज नव्हता. पुढचा अर्धा तास मी बेसिनवर होतो. त्याविषयी अधिक लिहीत नाही. उरलेलं काम त्रिशलानं केलं.

रविवारी माशानं दोन दाणे खाल्ले. अव्वानं ते पाहिलं, समाधानानं मान हलवली, आणि हात मांडीवर ठेवून सोफ्यावर बसली.

"काय करालीस?" मी विचारलं.

"वाट बघते. आता येईल की परत."

मी म्हटलं, "तसलं काही नसतं. उद्या आपण डॉक्टरांकडं जाऊ."

उद्यापर्यंत थांबावं लागलं नाही. साडेअकराला ती पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात शांतपणे खाली बसत गेली, साडीची घडी पडावी तशी. दार उघडंच होतं. शालूबाई धावत आल्या, अव्वाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि माझ्याकडं जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. हवालदारांनी मात्र त्या दिवशी खरंच धरलं. तीन मजले त्यांनी तिला एकट्यानं उचलून खाली नेलं.

डॉक्टर तेजस्वी आमच्या ओळखीच्या, माझ्या शाळेतल्याच माजी विद्यार्थिनी. रक्ताचा रिपोर्ट बघून त्या उभ्याच राहिल्या. हिमोग्लोबिन साडेपाच. बारा तरी हवं. "काका, ही एका दिवसाची गोष्ट नाही. महिनोन् महिने रक्त जातंय कुठंतरी." अव्वाला दोन दिवस ठेवून घेतलं, रक्त चढवलं. मग तपासण्या झाल्या. मंगळवारी त्यांनी मला आत बोलावलं.

"आतड्यात कृमी आहेत. अंकुशकृमी म्हणतात. आतून आतड्याला तोंडानं चिकटतात आणि रक्त पितात."

मी खुर्ची धरली. हे वाक्य मी आठ दिवसांपूर्वी, म्हशींच्या रांगेनंतर, शब्दन् शब्द ऐकलं होतं.

"माशाच्या पोटातले?"

"नाही हो काका. ते वेगळे, हे वेगळे. हे ओल्या मातीतून, अनवाणी पायांतून आत शिरतात. माती, पेन्सिली खाव्याशा वाटणं हे रक्त कमी झाल्याचं लक्षण. तुमच्या माशाच्या कितीतरी आधीपासून आहे हे."

हे त्यांनी मला तीनदा समजावलं. मी शालूबाईंना दहादा समजावलं. त्या "व्हय, व्हय" म्हणाल्या. पण घरी जाताना आमच्या टाकीला हात लावून तो हात त्यांनी कपाळाला नेला.

गोळ्या साध्या होत्या, चघळून खायच्या. अव्वानं ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं.

"न्हाय."

"अव्वा, माशाच्या वेळी तूच म्हणालीस, औषध वत."

"ते त्याच्यासाठी. दुसऱ्याच्या जिवासाठी एक येळ चालंल. माझ्या जिवासाठी मी जीव कसा मारू? शहात्तर झाली. आता किती जगणार हाय मी?"

चार दिवस असंच. डॉक्टर बोलल्या, अनेकांत पुण्याहून आला आणि बोलला, त्रिशला रडली. मी सगळ्यात शेवटी. गोळी वाटीत घेऊन तिच्या पलंगाशी बसलो आणि म्हणालो, "हे बघ, देणारा मी. तू फक्त तोंड उघड. पाप माझ्या नावावर."

"पाप असं नावावर करता येतंय व्हय? तुझ्या हापिसातला अर्ज हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. घशातून भलताच आवाज आला. चोपन्न वर्षांचा मी, शर्टाच्या खिशात दोन पेनं, दारात शालूबाई आणि हवालदार उभे असताना, आईच्या चादरीत तोंड घालून हुंदके द्यायला लागलो. तिला त्या दिवशी दारात घडीसारखं पडताना पाहिल्यापासून ते आत अडकलेलं होतं.

मग डोक्यावर हात आला. हलका, थंड.

"खुळ्या," अव्वा म्हणाली. "लहानपणी जंताचं औषध पाजताना तू असाच रडायचास. तवा तुझ्या पोटातल्या जीवांचा मी कुठं इचार केला?" मग ती पलंगावर उठून बसली. "उभं ऱ्हावा सगळी. हात जोडा."

आम्ही उभे राहिलो. हवालदारांनीही हात जोडले. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. अव्वानं स्वतःच्या पोटावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि आत असलेल्या सगळ्यांची क्षमा मागितली. शब्द ऐकू आले नाहीत. मग गोळी तोंडात टाकली, चघळली आणि म्हणाली, "पेन्सिलीपेक्षा वाईट हाय."

पुढं सगळं सरळ झालं. दुसरी मात्रा झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या, तीन महिन्यांत हिमोग्लोबिन अकरावर आलं. वाफ्यात जाण्यासाठी रबरी चपला घेतल्या; पाऊल टाकण्याआधी ती आता जमीन मोरपिसानं झाडते, त्यामुळं दहा पावलांना पाव तास लागतो. मासा गुलाबी झाला, टेंगूळ परत आलं.

पण माझ्या मनात राहिली आहे ती त्या पहिल्या गोळीची दुपार. सगळे गेल्यावर अव्वा झोपली ती तीन तास झोपली. चेहरा चादरीएवढा पांढरा, छाती हलतेय की नाही ते कळेना. घर इतकं गप्प होतं की मला भिंतीवरचं घड्याळ बंद करावंसं वाटलं. दर दहा मिनिटांनी मी चोरपावलांनी जायचो, तिच्या नाकाखाली बोट धरायचो, श्वास लागला की परत यायचो.

असा सातव्यांदा गेलो, बोट धरलं. काहीच लागेना. मी बोट आणखी जवळ नेलं.

"जिवंत हाय," अव्वा डोळे न उघडता म्हणाली. "जा, चहा टाक."